करड्या रंगाच्या तीन पट्ट्या

कील (जर्मनी), रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, पाकिटात पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या आहेत. आधी त्या बघा, पत्र मग वाचा. ट्यूबलाइटखाली नको, सकाळच्या उजेडात पडवीत बसून बघा. तिन्ही करड्याच आहेत. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने एकदा आणि दुसऱ्याने एकदा. परवा फोनवर म्हणालात ना, नव्या डोळ्याला धोतर निळसर पांढरं दिसतं आणि जुन्याला चहा सांडल्यासारखं? मला नेमका तोच फरक हवाय.

मी पाणबुडी रंगवतेय. प्लॅस्टिकची, 1:144 मापाची, साधारण 47 सेंटिमीटर लांब. खरी 67 मीटरची आहे आणि इथून जवळच, लाबोच्या किनाऱ्यावर वाळूत उभी आहे. तिचं नाव यू-995. हाम्बुर्गला बांधली, 1943 मध्ये जर्मन नौदलात आली, युद्धानंतर नॉर्वेकडे गेली आणि 1972 पासून लोकांना आत जाऊन बघता येते. तुम्हाला वाटेल, खरी समोर असताना रंगाचं कोडं कसलं? पण तिच्यावर आतापर्यंत किती हात फिरलेत! आजचा तिचा रंग प्रेक्षकांसाठी दिलेला आहे. युद्धातले फोटो बहुतेक कृष्णधवल. त्यातून एवढंच कळतं की वर फिकट करडा होता आणि पाण्याखालच्या भागाला गडद. तो फिकट करडा निळ्याकडे झुकणारा की पिवळ्याकडे, ते फोटो सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला इथे शिकावी लागली. डबीतला रंग जसाच्या तसा दिला की पाणबुडी खेळण्यातली वाटते. हातभर अंतरावरून हे मॉडेल बघणं म्हणजे खरी पाणबुडी साठ-सत्तर मीटरवरून बघण्यासारखं. मध्ये एवढी हवा आली की रंग विटतो, काळा काळा राहत नाही. म्हणून तळाच्या काळ्यात मी करडा मिसळला आणि वरच्या करड्यात थेंबथेंब पांढरा. पट्ट्यांवर पहिल्या थेंबापासून तिसऱ्यापर्यंत क्रमाने आकडे घातलेत.

पहिल्या खेपेला सगळं फुकट गेलं. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर तेलाचा हात असतो, तो साबणाने धुवायचा असतो. मी घाईत तसाच प्रायमर मारला. पाण्याच्या रेषेवरची मास्किंग टेप ओढली तर तिच्याबरोबर नखाएवढा पापुद्रा आला, खाली प्लॅस्टिक उघडं. तुम्ही गोदीतून आल्यावर सांगायचात, ‘खरवडण्यात कसर केली की वरचा रंग पापुद्र्याने येतो.’ तेव्हा तुमच्या नखांच्या कडांना तांबडं रेड ऑक्साइड असायचं, आई रॉकेलचा बोळा घेऊन दारातच उभी, आणि मी गृहपाठ सोडून बघत बसायची. ते वाक्य माझ्या कानात एवढं पक्कं बसलंय हे मला त्या रात्री टेबलापाशी कळलं. सगळं उतरवलं, धुतलं, वाळवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आता गंज. पाणबुडीच्या कुशीला लांबट फटी असतात, बुडताना त्यांतून पाणी आत शिरतं, वर आली की बाहेर पडतं. त्या फटींखाली तांबूस ओघळ येतात. इथले काहीजण सगळीकडे नारिंगी फासतात, ते मला पटत नाही. आई, हे तुला विचारायचंय. कैरी चिरून विळी न पुसता राहिली की पात्यावर सकाळी जो रंग चढतो तो, आणि माळ्यावरच्या जुन्या तव्यावर आहे तो, दोन्ही नीट आठवून सांग. मला वाटतं ताजा गंज नारिंगी आणि मुरलेला चॉकलेटी, जवळजवळ काळा. ओघळाच्या वरच्या टोकाला मुरलेला आणि कडेला जरासा ताजा, असं मी करणार आहे. सगळ्यात बारीक ब्रश, त्यावर पातळ रंग, आणि खालच्या दिशेनेच ओढायचा.

तू विचारलंस, माणसं बुडवणारी बोट घरात कशाला. तो प्रश्न मला टाळायचा नाही. इथे जवळच म्योल्टेनोर्टला पाणबुडीवाल्यांचं स्मारक आहे, त्यावर 30,000 हून अधिक नावं कोरलीत. दोन तास तिथे होते. आडनावं वाचत गेले की वय डोळ्यांपुढे येतं, बहुतेक विशी-बाविशीतली पोरं. त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरही तशीच पोरं होती. म्हणून मला ही पाणबुडी कपाटात मिरवण्यासारखी चकचकीत करायची नाहीये. खाऱ्या पाण्यातून महिन्यांनी परत आलेली दिसायला हवी.

बाबा, ही झाली की आपल्या नौदलाची शल्की पाणबुडी करायची. तिच्या वर्गातली पहिली शिशुमार इथेच कीलला बांधली, 1986 ची. शल्की मात्र माझगावची, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, 7 फेब्रुवारी 1992 ला नौदलात आली. तिच्यासाठी मला फोटोंवर विसंबायचं नाही. तिचा रंग तुमच्या हाताखालून गेलाय. तळाच्या रंगात तांबं असतं, म्हणून त्याला शेवाळ नि कालवं धरत नाहीत, हे तुम्हीच सांगितलं होतंत. ड्राय डॉकमध्ये जहाज वर घेतल्यावर पाण्याच्या रेषेपाशी काय दिसायचं, हिरवं कुठवर आणि पांढरं मीठ कुठे, तेवढं लिहून काढा. शुद्धलेखनाकडे बघू नका. हात थरथरत असेल तर तुम्ही सांगा, आई लिहील.

कोणत्या डोळ्याला कोणत्या आकड्याची पट्टी कशी दिसते, ते त्या पट्टीच्याच मागे पेन्सिलीने लिहून पाठवा. रंगाच्या बाजूला बोट लावू नका, त्यावर मॅट वार्निश अजून दिलेलं नाही.

तुमची,
मनू