घोट्याची गोष्ट

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, गेले तीन आठवडे मी व्हिडिओ कॉलवर फक्त गळ्यापासून वर दिसत होतो. ‘सारखा बसूनच का बोलतोस रे?’ असं तू दोनदा विचारलंस आणि मी ते ऑफिसच्या कामावर ढकललं. खरं कारण डाव्या घोट्यात होतं. शनिवारी बास्केटबॉल खेळताना बॉलसाठी उडी मारली आणि उतरलो तो दुसऱ्याच्या बुटावर. पाय चांगलाच मुरगळला. एक्स-रे काढलाय, हाड शाबूत आहे, परवापासून आधाराशिवाय चालतोय. आता हवं तेवढं ओरडून घे, मग पुढे वाच.

बाबा, तुमचे प्रश्न मला पाठ आहेत. बेचाळिसाव्या वर्षी हे थेर कशाला, आणि ही माणसं आहेत तरी कोण? पहिल्याचं उत्तर मला येत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं देतो.

इथे जर्सी सिटीत घराजवळच्या पार्कात ना क्लब आहे, ना वर्गणी, ना कोच. शनिवारी सकाळी साडेसातला जायचं, दहा जण जमले की खेळ सुरू. संघ पाडायला फ्री थ्रोच्या रेघेवरून, म्हणजे १५ फुटांवरून, एकेकाने बॉल कडीत टाकायचा. ज्या पहिल्या पाच जणांचे पडतील ते एका बाजूला. उशिरा येणाऱ्याने जाळीच्या कुंपणापाशी उभं राहून ‘नेक्स्ट’ म्हणायचं, की पुढचा डाव त्याचा. डाव ११ गुणांचा. कडीसमोर जमिनीवर आखलेल्या मोठ्या कमानीच्या आतून टाकलेल्या बॉलला एक गुण, बाहेरून दोन. जिंकलेले मैदानात राहतात, हरलेले बाहेर. वीस माणसं आली असली तर हरलेल्याला अर्धा-पाऊण तास बाकावर शेंगा सोलत बसायची पाळी, म्हणून सगळे जिवाच्या आकांताने खेळतात.

पंच नाही. ज्याला धक्का लागला त्यानेच ‘फाउल’ ओरडायचं आणि मग वाद. वाड्यात रनआउटवरून व्हायचा तसाच, फक्त इथे बॅट काखेत मारून घरी जाणारा कुणी नसतो. फारच ताणलं तर फाउल मागणाऱ्याने बॉल टाकायचा. पडला तर तो खरा. बॉल खोटं बोलत नाही, असं इथे म्हणतात. मला हे न्यायदान आवडतं, निदान तारखा तरी पडत नाहीत.

नावं कुणी विचारत नाही. मी चष्मा दोरीने मागे बांधून खेळतो म्हणून मी ‘गॉगल्स’. पहिले सहा महिने मी कच्चं लिंबू होतो, कुणी पासच द्यायचं नाही. मग एक युक्ती सापडली. आपला माणूस पळाला की त्याच्या मागे लागलेल्याच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. याला स्क्रीन म्हणतात. उंची लागत नाही, उडी लागत नाही, छातीत दणका बसला तरी हलायचं नाही एवढंच. हा साडेपाच फुटी खांब कामाचा आहे हे कळल्यापासून मला आपल्या बाजूला घ्यायला चढाओढ असते. (थोडं वाढवून सांगतोय.)

सांगायचं होतं ते मात्र पॉप्सबद्दल. वय ६७, बस चालवून निवृत्त झालेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. तो पळत नाही. डावीकडे एका तिरक्या जागी उभा राहतो, टाचासुद्धा न उचलता बॉल कडीमागच्या फळ्यावर मारतो आणि तो निमूट आत पडतो. जाळीही तोच आणतो. इथली जाळी टिकत नाही, आणि जाळी नसली की बॉल कडीतून गेला की बाहेरून, यावर पाच मिनिटं वाया. मग पॉप्स गाडीच्या डिकीतून घडीची शिडी काढतो, वर चढतो आणि नायलॉनच्या जाळीचे बाराही फास एकेक करून आकड्यांत अडकवतो. एक आकडा तुटलाय, तिथे बुटाची नाडी बांधतो.

बाबा, बॉस्टनला जाताना स्प्रिंगफील्डमध्ये चेंडूसारखा घुमट बघून तुम्ही ‘हे काय?’ विचारलं होतं, आठवतं? ते या खेळाचं संग्रहालय. डिसेंबर १८९१ मध्ये त्याच गावात नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून कडी आजही १० फुटांवर. टोपलीला बूड असल्यामुळे प्रत्येक वेळी बॉल काढायला वर चढावं लागे. पॉप्सला शिडीवर बघितलं की मला ते आठवतं.

माझा घोटा वळला तेव्हा तोच आधी पोचला. बूट काढू दिला नाही, ‘काढलास तर सुजेल आणि परत चढणार नाही’ म्हणाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीभर बर्फ आणला, दोघा पोरांच्या खांद्यावर हात टाकून मला गाडीत बसवलं आणि घरापर्यंत सोडलं. गाडीत त्याने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी बर्फावर घसरून त्याचं मनगट मोडलं होतं. चार महिने खेळ बंद. पण एक शनिवार चुकवला नाही, बाकावर बसून गुण मोजायचा. मी विचारलं, कंटाळा नाही आला? म्हणाला, घरी जास्त आला असता.

बाबा, हे मुद्दाम लिहितोय, तुम्ही ओळखलं असेलच. दिवाळीत तुम्ही पडलात तेव्हापासून बागेत गेला नाहीत, हे आईने मला तुमच्यापासून लपवून सांगितलंय. आई, माफ कर.

आंबेहळद संपलीय, कुणी येणार असेल तर पाठव. रविवारी फोन करीन तेव्हा कॅमेरा खाली धरतो आणि पाय दाखवतो. बाबा, तुम्ही तुमची काठी दाखवा. अजून कपाटामागेच आहे की दाराशी आलीय, तेवढंच बघायचंय.

तुमचा,
अभि