सर्व्हर रूमच्या दाराबाहेर: मंत्रिमहोदयांना एका माजी नौसैनिकाचे खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी दादरला झालेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात आपण बोललात, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. यापुढे सरकारच्या संगणकीय प्रकल्पांत माजी सैनिक नुसता पहारा देणार नाहीत, ते प्रकल्प चालवतील, असे आपण म्हणालात. घरी आल्यावर मी ते पत्नीला शब्दशः सांगितले, आणि त्या शब्दावर विसंबून एका खासगी कंपनीतली हातात आलेली नोकरी नाकारली. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. पण मंत्र्याने व्यासपीठावरून दिलेला शब्द हा शब्दच असतो, असे मी चोवीस वर्षांच्या नोकरीत शिकलो होतो.

गेल्या मंगळवारी नवी मुंबईतील एका कार्यालयात नेटवर्क संचालन केंद्राच्या प्रमुखपदासाठी माझी कागदपत्रे तपासली गेली. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी माझे पदवी-समकक्षतेचे प्रमाणपत्र वाचले, हे तांत्रिक पदाला चालत नाही असे सांगितले आणि फाइल परत केली. मुलाखत झालीच नाही. शुक्रवारी घरी पत्र आले. माझ्या पार्श्वभूमीस अनुरूप म्हणून मला सुरक्षा पर्यवेक्षकाचे पद देऊ केले आहे, आणि तेही त्याच इमारतीत. ज्या खोलीतली यंत्रणा चालवण्यास मी अपात्र ठरलो, तिच्या दाराशी उभे राहण्यास मात्र मी पात्र आहे.

पहाऱ्याच्या कामाला मी कमी लेखत नाही. माझ्याबरोबरचे कितीतरी जण आज बँकांच्या आणि सोसायट्यांच्या दारांवर बारा-बारा तास उभे आहेत आणि त्या पगारावर मुलांना शिकवत आहेत. माझी तक्रार त्या कामाविषयी नाही. आम्हाला तेवढेच काम येते, असे पाहण्याआधीच ठरवून टाकणाऱ्या नजरेविषयी आहे.

ते प्रमाणपत्र म्हणजे काय, हे आपल्या अधिकाऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे का? माजी सैनिकांच्या केंद्रीय सेवेतील पुनर्नियुक्तीचे नियम 1979 चे आहेत. दहावी उत्तीर्ण आणि किमान 15 वर्षे सेवा झालेला सैनिक पदवीची अट असलेल्या पदासाठी पात्र मानावा, अशी तरतूद त्यांत पुढे आली. ऐकायला ती उदार वाटते. पण ती फक्त गट क च्या राखीव पदांना लागू आहे, आणि त्यातही जिथे तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव अनिवार्य नाही तिथेच तिचा मुख्य उपयोग. म्हणजे ज्याने सारे आयुष्य तांत्रिक कामात घालवले, त्याची पदवी तांत्रिक काम समोर येताच रद्द होते. वरच्या गटांत तर माजी सैनिकांना, काही मोजके अपवाद सोडले, तर आरक्षणही नाही. आपली राज्यातली कार्यालये हाच साचा पुढे चालवतात.

आता माझा अनुभव. आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात मी नौसैनिक झालो, जामनगरच्या आयएनएस वलसुरावर वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर या नौसैनिकांच्या वरिष्ठ हुद्द्यावरून निवृत्त झालो. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात रात्री तीन वाजता जहाजाचा वीजपुरवठा अचानक गेला, की रडार, दिशा दाखवणारा गायरो, दळणवळण आणि पंप यांपैकी आधी काय उठवायचे, हे काही मिनिटांत ठरवावे लागते. बाहेरून कोणी तंत्रज्ञ येत नाही आणि कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लागत नाही. प्रत्येक वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपताना काय बिघडले, काय तात्पुरते जोडले आणि कशावर नजर ठेवायची, हे लॉगमध्ये लिहून पुढच्या माणसाला समजावल्याशिवाय झोपायला जाता येत नाही. रिफिटच्या, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीच्या, वेळी याच मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये शेकडो दोषांची यादी हाती धरून कामगार, ठेकेदार आणि जहाजाचे अधिकारी या तिघांना एका वेळापत्रकात बसवणे हे माझे काम होते. संचालन केंद्राचा प्रमुख याहून वेगळे काय करतो? फौजी माणूस फक्त हुकूम देतो, असे म्हणणाऱ्याने थकलेल्या अठ्ठावीस खलाशांकडून पहाटे काम करून घेऊन पाहावे. तिथे नुसत्या हुकमाने काहीही होत नाही.

यातले बरेच मला अर्जात लिहिता आले नाही. कोणत्या जहाजावर कोणती यंत्रणा होती, तिची क्षमता काय, ती कशी बिघडली आणि कशी दुरुस्त केली, हे मी लिहू शकत नाही. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 निवृत्तीनंतरही माझ्या मानेवर आहे आणि तो मी पाळणार. मात्र माझ्या मौनाचा अर्थ निवड समितीने अनुभवाचा अभाव असा लावला. ऑनलाइन अर्ज माझ्या मुलीने भरला, तेव्हा कार्यक्षेत्राच्या यादीत सैन्यदलांसाठी एकच पर्याय होता: सुरक्षा सेवा. ती बराच वेळ तो पडदा वरखाली करत राहिली. नौदल कुठे टाकू, असे तिने मला विचारले. माझा निकाल तिथेच लागला होता, हे मला मंगळवारी कळले.

तिच्या जन्माच्या वेळी मी समुद्रावर होतो. वडील गेले तेव्हाही. गावी पोहोचलो तो तेराव्याला. पत्नीने विशाखापट्टणम, कोची आणि मुंबई अशी बिऱ्हाडे हलवली आणि प्रत्येक ठिकाणी आपली नोकरी सोडली. कुलाब्याचे सरकारी घर सोडून आम्ही भांडुपला भाड्याने आलो. निवृत्तिवेतन आहे, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मुलगी बारावीत असताना, माणूस निवृत्तिवेतनावर बसून राहू शकत नाही. नेटवर्किंगची प्रमाणपत्रे मी स्वखर्चाने मिळवली. रात्री अकरा ते दोन अभ्यास केला. ती प्रमाणपत्रे त्या टेबलावर कोणी उघडलीसुद्धा नाहीत, याची मला सर्वांत जास्त चीड आहे.

सैन्यातल्या माणसाला तंत्रज्ञानाचे नेतृत्व पेलत नाही, असे कोणाला खरोखर वाटते का? आरोग्यस्वामी पॉलराज हे भारतीय नौदलाचे अधिकारी. ॲप्सोह ही ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणारी आपली स्वदेशी सोनार यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. 1991 मध्ये नौदल सोडून ते स्टॅनफर्डला गेले आणि तिथे त्यांनी एकाहून अधिक अँटेनांनी संदेश पाठवण्याचे मायमो तंत्र मांडले, जे आज आपल्या दालनातल्या वायफायमध्ये आणि आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे. त्यांना 2010 मध्ये पद्मभूषण आणि 2014 मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळाले. देशाच्या सायबर सुरक्षा समन्वयकपदी 2019 मध्ये लेफ्टनंट जनरल राजेश पंत आले आणि 2023 मध्ये लेफ्टनंट जनरल एम. यू. नायर, दोघेही सिग्नल्सचे, म्हणजे लष्कराच्या दळणवळण शाखेचे. म्हणजे जनरलच्या बाबतीत सरकारला हे पटते. ज्यांच्या हाताला केबलचे चट्टे आहेत, त्या खालच्या हुद्द्यांपर्यंत येताना मात्र तोच विश्वास कुठेतरी गळून पडतो.

तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे 60 हजार माणसे बाहेर पडतात आणि त्यांतली बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस या वयाची असतात. त्यांत आता अग्निवीरांची भर पडणार आहे. त्यांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच कायम केले जाईल. या अग्निवीरांसाठी इग्नूने अशी पदवी आखली आहे, जिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणातून मिळतात. चार वर्षांच्या प्रशिक्षणाचे श्रेयांकांत रूपांतर होऊ शकते, तर चोवीस वर्षांचे का होत नाही? मोजण्याची रीत सरकारला ठाऊक आहे. आमच्यासाठी ती वापरण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. सत्कार, शाल आणि श्रीफळ एवढ्यावर आमची बोळवण होते, आणि फाइल पुन्हा त्याच टेबलावर येते.

आपल्या खात्याच्या तांत्रिक पदांसाठी दलांतील तांत्रिक प्रशिक्षण आणि सेवा हाच पात्रतेचा आधार मानणारा आदेश आपण काढावा. निवड समितीत सेवेतले हुद्दे आणि कामे समजणारा एक तरी माणूस बसवावा, आणि जे लिहिता येत नाही ते प्रात्यक्षिक घेऊन तपासावे. मला बिघडलेली यंत्रणा द्या, वेळ लावा आणि पाहा. अर्जातली ती यादी बदलायला तर मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही.

सुरक्षा पर्यवेक्षकाच्या पदाची स्वीकृती कळवण्याची मुदत या महिन्याच्या 30 तारखेला संपते. ते पद मी स्वीकारत नाही. ज्याला त्याची गरज आहे अशा माझ्या एखाद्या सहकाऱ्याला ते द्यावे. प्रमुखपदासाठीचा माझा अर्ज मात्र मी मागे घेतलेला नाही. त्यावर मला लेखी उत्तर हवे आहे, आणि ते आपल्या सहीचे हवे आहे, कारण दादरला शब्द आपण दिला होता.

आपला,
एक निवृत्त मास्टर चीफ पेटी ऑफिसर, भारतीय नौदल
भांडुप, मुंबई