साथीदारांचे मानधन त्याच रात्री द्या

सोसायट्यांमध्ये गणपतीत, कोजागिरीला गाण्याचा कार्यक्रम हमखास होतो. फलकावर गायकाचं नाव ठळक. तबला-पेटीवाले मात्र नुसते 'आणि साथीदार'. पावसाळी हवेत तबल्याचा सूर उतरतो, म्हणून ही मंडळी तासभर आधी येऊन हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत सूर लावतात, आणि शेजारीच 'हॅलो, माइक टेस्टिंग' चालू असतं. फार राग येतो त्याचा! शेवटी शाल-श्रीफळ, मानधन 'पुढच्या आठवड्यात'. रिक्षाभाडं पदरचं. १९५३ साली जिथे सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, त्या पुण्याला हे शोभत नाही. मांडववाल्याला, केटरिंगवाल्याला आगाऊ रक्कम मिळते. वादकांनाही अर्धी आगाऊ, उरलेली त्याच रात्री द्यावी आणि पत्रिकेत त्यांची नावं छापावीत.

– एक संगीतप्रेमी, कोथरूड, पुणे