केळीच्या पानाची पट्टी आणि घरगुती उपाय

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

भाजलेल्या जखमेवर केळीचे पान बांधावे, असा सल्ला देणारे मजकूर वारंवार वाचनात येतात. त्यामागे खरे संशोधन आहे. परंतु ते अर्धेच सांगितले जात असल्याने रुग्णाला अपाय होऊ शकतो, म्हणून हे पत्र.

जळीत विभागात परिचारिका म्हणून मी अनेक वर्षे काम केले. तिथल्या रुग्णाला सर्वांत मोठी धास्ती असते ती पट्टी बदलण्याच्या वेळेची. जखमेतील स्राव सुकला की गॉझ, म्हणजे जखमेवर ठेवलेली जाळीदार कापडाची पट्टी, तिला घट्ट चिकटते आणि ती सोडवताना नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचाही निघून येते, पुन्हा रक्त येते आणि भरत आलेली जखम मागे जाते. मुंबईतील डॉक्टरांनी १९८५ च्या सुमारास उकडलेल्या बटाट्याच्या सालीची आणि पुढे केळीच्या पानाची पट्टी वापरली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. सालीचा बुचासारखा बाहेरचा थर जखमेतला ओलावा टिकवून धरतो. केळीचे पान रुंद, गुळगुळीत आणि मेणचट असल्यामुळे अलगद सुटते. २००३ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, त्वचेचा काही भागच जळालेल्या जखमांवर या दोन्ही पट्ट्या सारख्याच परिणामकारक ठरल्या. पानाची पट्टी तर करायलाही सोपी आणि कितीतरी स्वस्त. ओलसर राखलेली जखम लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. त्यामुळे पानात एखादे गुप्त औषध असते, असे समजण्याचे कारण नाही.

मजकुरातून गळते ती गोष्ट अशी की, हे पान कापडी पट्टीवर चिकटवून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेले असते. झाडावरून तोडून नुसते धुतलेले पान म्हणजे ती पट्टी नव्हे. भाजल्यावर त्वचेचे कवचच नाहीसे झालेले असते आणि अशा जखमेत जंतू शिरले की वरवरची जखमही खोल होते. जिथे त्वचा पूर्ण जाडीने जळाली आहे, तिथे बहुतेक वेळा त्वचारोपणच करावे लागते. ते काम कोणतीही पट्टी करू शकत नाही.

घरी करायचे ते इतकेच, की भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, बर्फ लावू नये, स्वच्छ कापडाने सैलसर झाकून डॉक्टरांकडे न्यावे. लेप तर मुळीच नको. जखमेची खोली पाहण्यासाठी तो आम्हाला खरवडून काढावा लागतो, आणि त्या वेळच्या किंकाळ्या मी अजून विसरलेले नाही.

स्वस्त आणि कमी वेदना देणारी ही पट्टी अधिकाधिक रुग्णालयांनी तयार करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपण याविषयी जेव्हा छापाल, तेव्हा ‘रुग्णालयात निर्जंतुक केलेली’ हे शब्द कृपया मथळ्यातच घ्यावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका