रुळांवरील आत्महत्या : फलाटावरच रोखता येतात

महोदय,

पुणे-लोणावळा मार्गावर आत्महत्येची घटना घडली की गाड्या किती उशिराने धावल्या याची चर्चा होते. ती टळली असती का, हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा टळू शकते. जीव नकोसा होण्याची तीव्र लाट बहुधा ओसरते. तेवढा वेळ माणसाला रुळांपासून लांब ठेवायचे असते. भरधाव गाडीला इमर्जन्सी ब्रेक लावूनही थांबायला शेकडो मीटर लागतात, म्हणून हे काम लोको पायलटवर सोडता येत नाही.

गाड्यांमागून गाड्या सोडून देत एकटा घुटमळणारा माणूस सर्वांत आधी दिसतो तो स्टॉलवाला, हमाल आणि सफाई कामगार यांना. प्रशिक्षण त्यांना हवे, आणि ते अर्ध्या दिवसात होण्यासारखे आहे. जवळ जाऊन साधे बोलावे : ‘‘बरं वाटत नाही का? चला, तिकडे बाकावर बसू.’’ मग सरळ विचारावे, ‘‘जीव द्यायचा विचार येतोय का?’’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. ओरडू नये, ‘घरच्यांचा विचार कर’ म्हणून सुनावू नये, मोबाइल काढणाऱ्यांना हटवावे. दुसऱ्याने तेवढ्यात स्टेशन मास्तरांना कळवावे, म्हणजे येणाऱ्या गाड्यांना सावध करता येते. प्रवाशांनी रेल्वेची हेल्पलाइन १३९ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२ लावावा. स्वतः रुळांवर उतरू नये.

घोळ होतो तो यानंतर. समज देऊन त्या माणसाला एकट्याला सोडून दिले जाते किंवा गुन्ह्याची भीती घातली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर असते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम ३०९ तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलेच नाही. ससून रुग्णालय पुणे स्थानकाच्या इतके जवळ आहे, की लोहमार्ग पोलिसांनी सोबत माणूस देऊन थेट तिथल्या मानसोपचार विभागात पोचवण्याची पद्धत सहज बसवता येईल. नातेवाइकांना बोलावण्याआधी मात्र त्या व्यक्तीलाच विचारावे, ‘कोणाला बोलावू?’ कधी कधी ताणाचे मूळ घरातच असते.

रुळांलगतच्या भिंतीही हव्यात, पण आधी पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग. दापोडी, कासारवाडीसारख्या दाट वस्तीत पलीकडे जायला जवळची वाट नसेल, तर भिंतीला महिनाभरात भगदाड पडते आणि खर्च वाया जातो.

आता थोडे वृत्तपत्रांविषयी. व्हिएन्नात १९८७ मध्ये भुयारी रेल्वेतील आत्महत्यांच्या भडक बातम्या वृत्तपत्रांनी थांबवल्या आणि पुढच्या सहा महिन्यांत तिथल्या आत्महत्या व प्रयत्न झपाट्याने घटले. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत. तरीही नेमकी जागा, पद्धत, चिठ्ठीतला मजकूर आणि ‘किरकोळ कारणावरून’ हे शब्द छापून येतातच. चार वाक्यांत बातमी आणि शेवटी सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ‘टेली-मानस १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही’ एवढी एक ओळ आपल्या दैनिकाने उद्यापासून द्यावी. हाच क्रमांक प्रत्येक फलाटावर, बाकाच्या उंचीवर लावावा. छताजवळचा फलक मान खाली घालून बसलेल्याला दिसत नाही.

– आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे