हीटर सगळ्यात शेवटी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आमची काचेची खोली हिवाळ्यातही वापरता यावी म्हणून काम काढलंय, तर फोनवर तुम्ही म्हणालात, "एक दणदणीत हीटर आणून लाव, झालं!" अहो, मिनियापोलिसच्या जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. त्या काचेच्या खोलीत हीटर लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. हीटरचा नंबर सगळ्यात शेवटी.

खोली मुळात थंडीचे महिने सोडून वापरायची म्हणून बांधलेली. काच एकेरी, चौकटी सलग ॲल्युमिनियमच्या, त्यामुळे बाहेरचा गारठा थेट आत. जमीन फळ्यांची, खांबांवर उचललेली, खालून वारा मोकळा. तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्म काढलात म्हणून सांगते, इथे पाया निदान ४२ इंच खोल न्यावा लागतो, राज्याच्या उत्तरेला ६०. ओली माती गोठली की फुगते आणि उथळ पाया वर उचलते. कॉन्ट्रॅक्टरने खांबांपाशी उकरून पाहिलं, ते पुरेसे खोल गेलेत. नसते तर निम्मे पैसे मातीतच गेले असते.

आता जमिनीच्या तुळयांमध्ये खालून उष्णता अडवणारा फोम फवारायचा, छतात इन्सुलेशनचा जाड थर, मग तिहेरी काचा, मधल्या पोकळीत आर्गॉन वायू. एवढं झालं की भिंतीवर हीट पंप. दिसायला आपला स्प्लिट एसीच. हिवाळ्यात बाहेरची उष्णता ओढून आत आणतो, उन्हाळ्यात आतली बाहेर टाकतो. उणे २५ पर्यंत चालणारा घेतोय. त्याहून वाईट रात्रींसाठी भिंतीच्या तळाशी विजेचा साधा हीटर, म्हणजे तुमचंही मन राहिलं! घर तापवणाऱ्या फर्नेसचाच गरम हवेचा डक्ट इकडे ओढा, स्वस्तात होईल, असं एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं. ही खोली उन्हाने भराभर तापते आणि सूर्य कलला की तितक्याच भराभर निवते. तिला तिचा वेगळा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारं बटण हवं.

आई, आता तुझं ऊन. खोली दक्षिणेला आहे. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य जेमतेम २२ अंश वर येतो, त्यामुळे ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. पाय शेकत खुशाल बस. पण 'ड' जीवनसत्त्व त्यातून मिळणार नाही, त्याला लागणारे किरण काच अडवते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नकोस. तुळशीची कुंडी तिथेच ठेवू. ओले कपडे मात्र तिथे वाळत घालायचे नाहीत हं. दमट हवेने काचांना पाणी सुटतं आणि चौकटींत बुरशी धरते.

तेव्हा या खेपेला मे महिन्याचं तिकीट काढू नका. इन्स्पेक्टरने काम पास केलं की कळवते, मग दिवाळी उरकून निघा. बाबा, परमिटसाठी दिलेल्या नकाशाचा फोटो पाठवतेय. तुळयांची मापं एकदा बघून घ्या आणि काही खटकलं तर लगेच सांगा. फोम मारल्यावर काही बदलता येणार नाही.

तुमची,
मनू