धरणकाठची पायवाट आणि धरणग्रस्तांचा नकार

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

धरणाच्या काठाने होऊ घातलेल्या पर्यटकांच्या पायवाटेला काठावरच्या गावांनी विरोध केल्याची बातमी आणि त्यावरचे आपले स्फुट कालच्या अंकात वाचले. बातमीत अधिकारी बोलले, शहरातील गिर्यारोहक बोलले, एका रिसॉर्टमालकाचे मतही आले. विरोधाचा ठराव ज्या ग्रामसभेने केला, तिच्यातील एकाही माणसाचे वाक्य मात्र छापलेले नाही. स्फुटात तर स्थानिकांच्या संकुचित वृत्तीवर ठपका ठेवून आपण मोकळे झालात. ज्यांची शेते आणि घरे त्याच पाण्याखाली आहेत, त्यांच्याविषयी असे लिहिण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीने एकदा तरी गावात यायला हवे होते.

पाणी चढले तेव्हा आमचे गाव दोन वाड्यांत तुटले. दोन्ही वाड्यांना जोडणारी गाडीवाट बुडाली आणि शाळा पलीकडे राहिली. काठाने माणूस चालेल एवढी वाट बांधून द्यावी, असा अर्ज माझ्या वडिलांनी केला होता. त्याला संबंधित कार्यालयाने दिलेले उत्तर मी आजही जपून ठेवले आहे: संपादित क्षेत्रात प्रवेशास मनाई आहे, पाणी उतरताना काठाची माती घसरते, आणि जलाशयालगत वावर वाढल्यास पाणी दूषित होईल, सबब मागणी मान्य करता येत नाही. वडिलांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा उत्तरही आले नाही. माझी धाकटी बहीण डोंगराला वळसा घालून शाळेत जात असे. ओढ्याला पाणी आले की तेही बंद होई. सातवीनंतर तिची शाळा सुटली. ती हुशार होती, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, तिचे मास्तर घरी येऊन सांगून गेले होते.

आता त्याच काठावर, त्याच मातीत, कठडे आणि बाकांसह वाट होणार आहे. तेव्हा घसरणारी माती आता कशी घसरत नाही, आणि आमच्या मुलांच्या चालण्याने दूषित होणारे पाणी सुटीच्या दिवशी येणाऱ्या गर्दीने कसे दूषित होणार नाही, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आराखड्यात जो भाग मोकळा किनारा म्हणून रंगवला आहे, तो मोकळा नाही. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ती गाळपेर जमीन आहे. बुडालेल्या शेतांच्या बदल्यात ज्यांच्या हाती पुरेसे काही आले नाही, अशी कुटुंबे तिच्यावर एक पीक काढतात. गुरांचा पाणवठाही तिथेच आहे. आखलेली वाट या दोन्हींच्या मधून जाते आणि तिला दोन्ही बाजूंनी तारेचे कुंपण आहे. गुरांनी पाण्यापर्यंत कसे जायचे, हे आराखड्यात कुठेही लिहिलेले नाही.

सुरक्षिततेबद्दल आपण एक ओळही लिहिलेली नाही. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या प्रवाहात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्याला फार काळ लोटलेला नाही. अशा वेळी पाण्यात प्रथम उतरतात ती आसपासची माणसे. आमच्या काठावर ना जीवरक्षक आहे, ना रुग्णवाहिका, आणि गावात येणारा एकमेव रस्ता रविवारी रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांनी आजच अडलेला असतो.

धरणाविरुद्धचा मुळशीचा सत्याग्रह सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये झाला. कोयनेचे पाणी अडून साठ वर्षे झाली तरी तिथल्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली आहेत. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा १९७६ पासून आहे, त्याची पुढची रूपे १९८६ आणि १९९९ मध्ये आली. तरीही काठावर काय होणार, हे काठावरच्या माणसाला वर्तमानपत्रातून कळते. आमचा राग त्याचा आहे. चालायला येणाऱ्यांशी आमचे वैर नाही, आणि डोंगर पाहण्याचा हक्क फक्त आमचाच आहे, असे गावात कोणीही म्हटलेले नाही.

ग्रामसभेच्या ठरावात, जो आपण छापला नाही, सरसकट नकार नाहीच. वाट पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेषेच्या, वरून न्यावी, पाणवठ्यापाशी गुरांसाठी मोकळी जागा सोडावी, पावसाळ्यात ती बंद ठेवावी, देखरेखीचे काम गावातील मुलांना द्यावे, आणि सर्वांत आधी दोन वाड्यांना जोडणारा टप्पा पूर्ण करावा, अशा अटी त्यात आहेत. त्या मान्य होईपर्यंत आखणीचे खुंट ठोकू देणार नाही, एवढाच विरोध आहे. ठरावाची प्रत सोबत जोडली आहे. ती बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर, काटछाट न करता छापावी, ही विनंती.

आणखी एक गोष्ट. त्याच अंकाच्या पुरवणीत आपण आमच्या काठावर तंबू ठोकून रात्र घालवण्याची शिफारस केली आहे. तिथे पहाटेपर्यंत ध्वनिवर्धक चालतात आणि सकाळी फुटक्या बाटल्या गाळपेरात राहतात, ज्या नांगरताना बैलांच्या पायात घुसतात. तो मजकूर लिहिणाऱ्याने तंबूंसाठी जमीनमालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आहे का, याची चौकशी केली होती का, हेही आपण कळवावे.

आपला,
एक धरणग्रस्त वाचक